मास्तरांचा वाकडा दात

मास्तर हसत नसत असं नाही. चांगले खांदे हलवून हसत. पण हसू ओठांवर यायच्या आत उजवा हात तोंडावर आलेला असे. वरच्या पुढच्या दोन दातांतला डावा दात शेजाऱ्याच्या अंगावर रेलून बसला होता, आणि त्याच्यापेक्षा जरा लांबही होता. लहानपणी कुणीतरी त्यावरून नाव ठेवलं, ते नाव ठेवणारा कधीच विसरून गेला असेल. मास्तरांचा हात मात्र पुढे साठ वर्षं तोंडावर राहिला. घरातल्या एकूण एक फोटोत ते ओठ मिटून, एखाद्या खटल्याच्या निकालाची वाट बघत असल्यासारखे उभे आहेत. स्वतःच्या लग्नातसुद्धा.

क्लॅरिनेट तोंडाला लावलं की हा प्रश्नच मिटत असे. वाजवणाऱ्याचे दात कुणाला दिसतात? त्यांच्या लेकीला तर वाटायचं, बाबांनी हेच वाद्य धरलं त्याचं अर्धं कारण हेच असणार.

चौतीस वर्षं ते पाणीपुरवठा खात्यात भांडारपाल होते. नळाच्या तोट्या, पाइपांचे सांधे, कुलपं असं सगळं त्यांच्या ताब्यात. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बँड. लग्नं, वराती, शाळांची संमेलनं, दुकानांची उद्घाटनं. लोक त्यांना मास्तर म्हणत ते बँडमुळे, भांडारामुळे नव्हे. पण घरात नोकरी म्हणजे काम आणि बँड म्हणजे बाहेरचं वारं, असा हिशेब लेकीच्या आईने घालून दिला होता, आणि आई जाऊन नऊ वर्षं झाली तरी तो कुणी मोडला नव्हता. लेक वाचनालयात ग्रंथपाल होती. जगातल्या मोठमोठ्या वादकांची चरित्रं तिने वाचली होती. आपल्या घरात एक वादक राहतो, हे तिच्या कधी फारसं ध्यानात आलं नव्हतं.

मग मास्तरांच्या हिरड्या सुजल्या आणि वरचे पुढचे चारही दात हलू लागले. शेजारच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांनी वर्षभरात एकेक करून चारही काढले. कवळी करून दिली. ती खायला बरी होती, पण वाजवायला घेतलं आणि फुंकर घातली की सुटून जिभेवर यायची. दोनदा भर वरातीत असं झालं. तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून मास्तर वरातीला जायचेच बंद झाले. क्लॅरिनेट पेटीत गेलं, पेटी कपाटावर गेली. ते तक्रार करत नसत. फक्त संध्याकाळी सहाच्या सुमाराला घरातल्या घरात फेऱ्या मारू लागले. माणूस असा फेऱ्या मारताना पाहवत नाही.

हाडात इम्प्लांट बसवून त्यावर पक्के दात करायचे, हा उपाय होता. त्याचा आकडा ऐकून मास्तरांची मोठी बहीण म्हणाली, "अरे, एवढ्यात दातांसकट नवा भाऊ येईल मला." ही आत्या म्हणजे घरातलं वर्तमानपत्र आणि अग्रलेख दोन्ही. पुढे वाचनालयात येणाऱ्या एक बाई परदेशी जाऊन गुडघा बदलून आल्या, आणि जाण्यायेण्याचं तिकीट धरूनही ते इथल्या निम्म्यात बसलं असं त्यांनी सांगितलं. दातांचंही तसंच आहे म्हणाल्या. लेकीने त्यांच्याकडून पत्ता घेतला, पत्रव्यवहार केला, रजा काढली. आत्याने त्यावरही शेरा मारला की दात काढले इथे आणि बसवायचे समुद्रापलीकडे, तेव्हा तोंडाचा पासपोर्ट वेगळा काढ बाबा.

तिकडच्या दवाखान्याने आधी एक फॉर्म पाठवला होता. साखर, रक्तदाब, कुठल्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी. लेकीने तो जेवणाच्या सुट्टीत वाचनालयातल्या टेबलावर बसून भरला. गोळ्यांची नावं डबीवरून तीनदा पडताळून लिहिली. ‘व्यवसाय’ या रकान्यात लिहिलं: निवृत्त, भांडारपाल. तिथे तिने क्षणभरही विचार केला नाही.

पहिल्या खेपेला इम्प्लांट बसले. ती खेप सूज, बर्फ आणि पातळ खिमटावर गेली. हाड धरायला पाच महिने द्यायचे होते. ते महिने मास्तरांनी कॅलेंडरवर खुणा करत काढले, आणि दुसऱ्या खेपेला निघताना कपाटावरची पेटी खाली काढून कपड्यांच्या बॅगेत अगदी मधोमध ठेवली. लेकीने विचारलं, तेव्हा म्हणाले, घर बंद राहणार, घरात ठेवून कशाला जायचं.

दवाखाना टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होता. जिना अरुंद, पण वर गेलं की सगळं लख्ख. एका भिंतीवर हसऱ्या तोंडांचे फोटो, ओळीने, नुसती तोंडं. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक चणीच्या आणि भराभर काम करणाऱ्या. हातमोजे घालतानाच त्यांचं निम्मं बोलून होत असे. त्यांचं बोलणं आपल्या भाषेत आणायला दवाखान्याने एक दुभाषीबाई ठेवली होती. ती आपल्या मुलखात सात वर्षं राहिलेली, भाषा झकास बोलायची. पण शब्द जपून खर्च करायचा तिचा स्वभाव. डॉक्टरीणबाई पाच मिनिटं बोलल्या की ही म्हणे, "सगळं ठीक आहे, म्हणतायत." मास्तर अर्धा तास दुखणं सांगत, की ही त्याचे तीन शब्द करी. लेकीला वाटे, या बाईच्या हाती एखादी कादंबरी दिली तर पोस्टकार्ड परत येईल.

आतल्या बाजूला काचेपलीकडे एक लांबट खोली होती. तिथे खिडकीपाशी एक म्हातारा कारागीर बसलेला असे. कपाळावर भिंग, पुढ्यात मेणाचे तुकडे, दिवा, बारीक कानशी आणि प्लॅस्टरचे जबडे. दवाखान्यातला प्रत्येक दात त्याच्या हातून जायचा. तो कुणाशी बोलायचा नाही आणि त्याच्याशीही कुणी बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना कच्चे दात बसले. प्लॅस्टिकचे, पण दिसायला हुबेहूब. हे दोन दिवस वापरायचे, काही टोचलं-बोचलं तर सांगायचं, मग याच मापावर पक्के करून कायमचे बसवायचे, अशी तिकडची पद्धत. डॉक्टरीणबाईंनी आरसा पुढे धरला.

मास्तरांनी पाहिलं. चार दात, सरळ, पांढरे, एका रांगेत शाळेच्या प्रार्थनेला उभे असावेत तसे. त्यांनी ओठ मिटले, पुन्हा उघडले. मग हसले. उजवा हात सवयीने वर निघाला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि तो सावकाश मांडीवर ठेवला. चाळीस वर्षांत बापाचं पूर्ण हसू लेक पहिल्यांदा बघत होती, आणि ते फार देखणं होतं. तिने तिथेच फोटो काढला. आत्याला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: हा कोण गृहस्थ? लग्नाचं बघतायत का याचं?

त्या दिवशी मास्तर रस्त्याने हसत चालले. फळवाल्याकडे बघून हसले, ट्रॅफिकच्या पोलिसाकडे बघून हसले. उतरायची खोली एका शिंप्याच्या दुकानामागे होती. त्या शिंप्याला तर त्यांनी खुणांनी अख्खी हकिगत सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ते पेटी घेऊन गच्चीवर गेले. लेक खाली पुस्तक वाचत बसली. कान मात्र वर होता. आधी नुसत्या माउथपीसची, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाची, फुंकर. मग सूर. तो निघता निघताच फाटला. पुन्हा घेतला. पुन्हा चिरकला, आणि मग नुसतीच हवा. मोठ्या माणसाने अनोळखी गावात पत्ता विचारत फिरावं तसा तो आवाज एकेका पट्टीवर जाऊन परत येत होता. अर्ध्या तासाने मास्तर खाली आले.

"रीड सुकलीय," म्हणाले. "वर्षभर पडून होती ना."

रीड म्हणजे माउथपीसला बांधायची वेताची पातळ पट्टी. ती सुकते, हे खरं. पण त्यांनी नवी रीड काढली, तोंडात ओली केली, बांधली, आणि संध्याकाळी पुन्हा वर गेले. या वेळी लेक जिन्यात जाऊन उभी राहिली. तिला दिसलं की ते फुंकतच नव्हते. माउथपीस दातांखाली घेत होते, काढत होते, थोडं फिरवून पुन्हा घेत होते. अंधारात किल्ली लावणाऱ्याने कुलपाचं भोक चाचपावं तसे.

ती वर गेली. म्हणाली, बाबा, रीड नाही ना?

त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "दात टेकायला जागा सापडत नाही."

"मग उद्या डॉक्टरांना सांगू. अजून पक्के कुठे बसलेत?"

"नाही सांगायचं." त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे एकेक वेगळे करून पेटीत ठेवायला घेतले. "एवढं निगुतीनं केलंय त्यांनी. तू फोटो काढलास, तिकडे सगळ्यांना दाखवलास. आता म्हातारा सांगणार, हे नको. नखरे शोभतात का या वयात? होईल सवय."

"आणि नाही झाली तर?"

"तर खाता येतंय ना," मास्तर म्हणाले.

भीड ही भिकेची बहीण असते म्हणतात. मास्तरांच्या घरी ती सख्खी राहत होती. हॉटेलात खारट आलेलं त्यांनी कधी परत पाठवलं नाही, शिंप्याने आखूड शिवलेली पँट वर्षभर घातली. समोरचा माणूस कष्ट करतोय हे दिसलं की त्यात खोट काढणं त्यांच्या जिभेवरच येत नसे. उद्या दुपारी पक्के दात भट्टीत जाणार होते. एकदा बसले की बसले. लेक त्या गच्चीवर उभी राहून बघत होती, आणि तिला पहिल्यांदा कळलं की संध्याकाळी सहाच्या त्या फेऱ्या आता कायमच्या होणार आहेत.

तिला फॉर्मही आठवला.

सकाळी मास्तर अंघोळीला गेले तेव्हा तिने पेटी उघडली आणि माउथपीस काढून रुमालात गुंडाळलं. आयुष्यात बापाच्या पेटीला न विचारता हात लावायची ही तिची पहिली वेळ. चोचीच्या आकाराचं ते काळं नळकांडं तिने उजेडात धरलं. वरच्या उतारावर, जिथे दात टेकतात तिथे, दोन खाचा पडल्या होत्या. चाळीस वर्षांच्या. एक उथळ आणि सरळ. दुसरी खोल, तिरपी, पहिलीच्या जरा पुढे. वाकड्या दाताची.

डॉक्टरीणबाईंनी तिचं ऐकून घेतलं, पण त्यांना ते पटलं नाही. दुभाषीबाईने लांबलचक बोलण्याचा सारांश असा सांगितला की दात उत्तम आहेत आणि ओठांना काही महिन्यांत सवय होईल. एवढ्यात कुणीतरी बाहेरून हाक मारली म्हणून डॉक्टरीणबाई गेल्या, दुभाषीबाईही फोन घ्यायला उठली. लेक एकटीच काचेपाशी उरली. पलीकडे तो म्हातारा कारागीर मास्तरांचाच प्लॅस्टरचा जबडा हातात धरून बसला होता. तिने दार ढकललं, आत गेली आणि रुमाल त्याच्या टेबलावर उलगडला.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. माउथपीसकडे पाहिलं. कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं. दिवा जवळ घेतला. मग अंगठ्याचं नख त्या खोल खाचेत घातलं आणि वरून खाली हळू फिरवलं, आंधळा माणूस अक्षरं वाचतो तसं. पुन्हा फिरवलं. प्लॅस्टरचा जबडा उचलून त्यातले सरळ दात खाचांवर टेकवून पाहिले. ते टेकेनात. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. भाषा येत नसूनही लेकीला ते कळलं. आपलंच काम चुकलेलं दिसल्यावर कुठलाही चांगला कारागीर असंच म्हणतो.

मग त्याने बोटाने दाराकडे खूण केली: त्यांना घेऊन ये.

मास्तर आले ते ओठ घट्ट मिटून. कारागिराने त्यांना खिडकीपाशी बसवलं, एक निळा, पातळ कागद माउथपीसवर पसरला आणि वाजवताना धरतात तसं धरायला खुणावलं. हा कागद दातांचे डॉक्टर चावायला देतात, कुठे दाब पडतो त्याचा डाग उठतो. मास्तरांनी धरलं, सोडलं. कागद काढला. काळ्या उतारावर दोन निळे ठिपके उठले होते, नीटनेटके, शेजारी शेजारी. आणि त्यांच्याजवळ त्या दोन जुन्या खाचा. मध्ये अंतर किती, तर तांदळाच्या दाण्याएवढं.

एव्हाना डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या होत्या. कारागिराने काही न बोलता ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बघितलं. मग दुभाषीबाईला काहीतरी विचारलं, आणि ती लेकीकडे वळून म्हणाली, "डॉक्टर विचारतायत, हे वाजवतात हे फॉर्मवर का नाही लिहिलं? व्यवसाय विचारला होता."

"मी लिहिलं नाही," लेक म्हणाली. "मला वाटलं, ते काही काम नव्हे."

मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखादी गोष्ट आपल्याला केव्हापासून माहीत होती हे आठवून पाहावं, तसं. मग ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून मास्तरांसमोर बसल्या. त्या दिवशी दुभाषीबाई पहिल्यांदा पुरती वाक्यं बोलली, कारण डॉक्टरीणबाईंनी तिला तशी ताकीदच दिली असावी. या खाचांवरून जुन्या दाताची लांबी आणि तिरपेपणा काढता येईल. तसाच दात करता येईल. पण तो वाकडा असेल, दिसेल, आणि कायमचा असेल. लोक इथे वाकडे सरळ करून घ्यायला येतात. माझ्या बारा वर्षांत सरळाचा वाकडा कुणी करून घेतलेला नाही. दोन्ही एकदम मिळणार नाही. काय करू ते तुम्ही सांगा. मुलगी नाही, तुम्ही.

मास्तरांनी आरसा मागितला. त्यात बघत तेच देखणं हसू हसले, नीट, सावकाश, स्टेशनवर माणसाला निरोप देताना हसतात तसं. दोन दिवसांचा पाहुणा. मग आरसा पालथा ठेवला.

"मला वाजवायचंय," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं लेकीला आठवत नव्हतं. दुभाषीबाईने त्याचे दोनच शब्द केले, आणि या खेपेला त्यात काही कमी पडलं नाही.

पुढचा दीड दिवस लेकीने त्या लांबट खोलीत एका कोपऱ्यात बसून काढला. कामं तिने पुष्कळ पाहिली होती, पण असं काम पाहिलं नव्हतं. कारागिराने खाचांमध्ये मऊ मेण दाबून त्यांचा उठाव घेतला. काढून टाकलेला जुना दात आधी मेणात उगवला. त्यावरून त्याने नवा कच्चा दात रचला, शेजाऱ्यावर रेललेला, नेमका तेवढाच. मग मास्तर तो तोंडात बसवून घेऊन एक सूर काढायचे आणि हाताने सांगायचे: अजून थोडं आत. अजून थोडं खाली. कारागीर कानशीने दोनदा घासायचा, मोजून दोनदाच, आणि परत द्यायचा. पुन्हा सूर. पुन्हा कानस. एक वाद्य जुळवत होता, एक दात, आणि दोघं एकाच गोष्टीला कान लावून बसले होते. भाषेची अडचण त्या खोलीत कुणालाच आली नाही. दुभाषीबाई दारात उभी राहून दोनदा विचारून गेली, माझी गरज आहे का; तिलाच वाईट वाटायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाई दर तासाला येऊन चावा तपासून जात. हिरडीला कुठे दाब पडतोय का, खालच्या दातांवर आदळतोय का. त्यांनी एकदाही घाई केली नाही आणि दुसऱ्या दिवशी जेवायलाही गेल्या नाहीत. आपल्या नजरेला सुंदर ते बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कानाला बरोबर ते करणं सोपं नसतं. शिकलेल्या माणसाला तर नाहीच.

दुपारी चारच्या सुमाराला कारागिराने एकदा, अगदी एकदाच, कानस लावली आणि दात परत दिला. मास्तरांनी माउथपीस दातांखाली घेतलं. लेकीला दिसलं, या वेळी त्यांनी ते फिरवलं नाही. ते आपल्या जागी जाऊन बसलं. म्हातारा माणूस घरी परतल्यावर आपल्या खुर्चीत बसतो तसं, न बघता.

आणि सूर निघाला. खालचा, रुंद, काळ्या मातीसारखा. तो तसाच राहिला, भरत गेला, मग मास्तरांनी त्याला हळूच वर नेलं. बाहेर बाकावर पाच-सहा जण गळ्यात कागदी रुमाल बांधून बसले होते, काहींच्या गालात कापसाचे बोळे. ते बोलायचे थांबले. खालून टायरवाला जिन्याच्या निम्म्यापर्यंत वर आला. मास्तर सलग सात-आठ मिनिटं वाजवत होते. कुठलं गाणं होतं ते लेकीला सांगता आलं नसतं. ती फक्त बघत होती. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, बोटं पळत होती. भांडारपाल कुठेच दिसत नव्हता. तो कधी होता की नाही कोण जाणे.

वाजवून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे कारागिराकडे बघत होते. त्याने भिंग कपाळावर सरकवलं, कानस पुसली आणि खणात ठेवली. म्हणजे झालं.

पक्के दात बसले. निघताना दुभाषीबाईने कारागिराचा निरोप सांगितला: हे दात तुमच्या माउथपीसपेक्षा कठीण आहेत, म्हणून जपून, चावू नका. मास्तरांनी दोन्ही हातांनी त्या माणसाचे हात धरले आणि काही बोलायच्या ऐवजी हसले. वाकडा दात पुरता दिसला.

घरी आल्यावर आत्याने उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं. बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा. समुद्र ओलांडून गेलास आणि तोच घेऊन आलास?"

"तोच नाही," मास्तर म्हणाले. "हा माप देऊन करवून घेतलाय. लपवू कशाला?"

आणि खरोखरच त्यांनी तो लपवला नाही. हात परत कधी तोंडावर गेला नाही. फोटोला उभे राहायचे ते आधी हसून. पुढच्याच महिन्यात ते वरातीत दिसले, आणि बँडमधल्या माणसांनी सांगितलं की ताई, मास्तर आधी वाजवायचे त्याहून चांगलं वाजवतात. ते खरं असेल किंवा प्रेमाचं असेल. लेक आता वरातींमागून चालत जाऊन ऐकायची, वाचनालय लवकर बंद करून. मास्तर त्यानंतर तीन वर्षं होते; ती तिन्ही वर्षं ती गेली. तिने आधी जायला हवं होतं, पण तीन वर्षं गेली.

मास्तर हृदयाच्या दुखण्याने गेले. दातांचा त्यात काही संबंध नव्हता. दवाखान्यात भरती केलं त्या दिवशी एक नर्स फॉर्म भरत होती. कवळी किंवा खोटे दात असले तर काढून ठेवावे लागतात, तसा एक रकाना होता. लेक सांगणार, तेवढ्यात नर्सने टॉर्च लावून मास्तरांच्या तोंडात पाहिलं. तिची नजर त्या वाकड्या दातावर टेकली, आणि तिने न विचारताच लिहून टाकलं: दात स्वतःचे. खोटा दात असा कोण करेल?

मास्तरांनी गादीवरून लेकीकडे पाहिलं. डोळ्यांत हसू होतं. काही बोलू नको, अशी त्यांनी बोटाने खूण केली. ते दात पक्के बसवलेले, काढायचे नव्हतेच, तेव्हा कुणाचं काही बिघडणार नव्हतं. रकाना तिने तसाच राहू दिला. व्यवसायाचा रकाना मात्र नर्सच्या हातून मागून घेऊन स्वतः भरला.

महिन्याभराने बँडमधले दुसरे क्लॅरिनेटवाले घरी आले. वाद्य पडून राहू नये म्हणून तिनेच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पेटी उघडली, एकेक तुकडा पाहिला आणि माउथपीस काढून तिच्या हातात दिलं. "हे ठेवा तुमच्याकडे, ताई. यावर दुसऱ्याचे दात बसायचे नाहीत."

ते गेल्यावर तिने ते खिडकीपाशी नेलं. खाचा दोनच होत्या. थोड्या खोल झालेल्या. आसपास कुठेही नवा ओरखडा नव्हता. तीन वर्षं ते नवे दात रोज जुन्याच जागी टेकत आले होते.

मग तिने त्या कारागिराला पत्र लिहिलं. मास्तर गेल्याचं कळवलं. नर्सची हकिगत लिहिली, आणि खाचांचं लिहिलं. त्याच्या कामाची पावती देणारं एवढं दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं. पत्र दुभाषीबाईंच्या हातून त्याच्यापर्यंत जाणार होतं. म्हणून सहीच्या खाली तिने आणखी एक ओळ लिहिली: बाई, कृपा करून यातलं काही गाळू नका.